उसना वारा

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ म्हटले की चर्च आठवत नाही. नाटकाचे थिएटर आठवते. तिसरी घंटा, अजून न उघडलेला पडदा, आणि रंगमंचाच्या पुढ्यात बसलेल्या वादकाने पायांनी भाता हलवीत धरलेला तो पहिला भरदार सूर. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ही पायपेटी आपल्या संगीत नाटकाच्या संसारात अशी काही रुळली की ती कुठल्या घरून आली याची चौकशी करण्याचे कुणाला कारणच उरले नाही. सून घरात मुरली की तिचे माहेर कोण विचारतो?

पण माहेर आहे, आणि ते चांगले नामांकित आहे. चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा असतो. शेकडो नळ्या, कधी हजारो; आणि प्रत्येक नळीत हवेचा एक एक खांब उभा. हा खांब थरथरला की सूर निघतो. आपल्या पायपेटीत आणि हातपेटीत नळ्या नाहीत. तिथे पितळेची एक बारीक जीभ वाऱ्याने हलते. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली ‘हार्मोनियम’ या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. नळ्यांच्या त्या प्रचंड खटाटोपाशिवाय तसा भरघोस स्वर लहान जागेत मावावा, ही त्या काळातल्या अनेकांची धडपड होती. म्हणजे आपण ज्याला ऑर्गन म्हणत आलो तो नळ्या वजा केलेला ऑर्गन. दुधाची तहान ताकावर, असे कुणी म्हणेल. पण ताक हेही स्वतंत्र पेय आहे आणि उन्हाळ्यात ते दुधापेक्षा बरे वाटते, हे विसरू नये.

नळ्यांच्या ऑर्गनविषयी लिहिणारे लोक बहुधा मोठ्या आकड्यांच्या मागे धावतात. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहात ३३,००० हून अधिक नळ्यांचा ऑर्गन आहे. असेल. मला असल्या वाद्यांविषयी आदर वाटतो, पण तो हिमालयाविषयी वाटतो तसा, दुरून. माझे मन ओढते ते लहान चर्चच्या लहान ऑर्गनकडे. एकच स्वरपट्टी, एकाच माणसाच्या देखरेखीत राहील एवढा पसारा, आणि नीट बसून पाहिला तर एका दुपारी समजेल असा त्याचा कारभार. अशा वाद्यासमोर बसले की ते कसे वाजते एवढेच कळत नाही, ते कोणाच्या जिवावर वाजते हेही कळते. मला या दुसऱ्या गोष्टीविषयी थोडे सांगायचे आहे.

त्याला कारण आहे. माझा आणि वाऱ्याचा हिशेब लहानपणीच बिघडला. मला बाळदमा होता. आमचे गाव कोकणातले. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना घाम यायचा आणि माझ्या छातीत पेटी वाजायची. त्यात मला वेड लागले बासरीचे. आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. दिवसभर ते दुकानात बसत आणि संध्याकाळी ओटीवर बासरी घेऊन बसत. त्यांच्याकडे मी सहा महिने गेलो. बोटे बरी पडत होती, भोके नीट झाकली जात होती. पण सूर अर्ध्यावर आला की तुटायचा. शेवटी एके दिवशी त्यांनी माझ्या हातातली बासरी हळूच काढून घेतली आणि म्हणाले, “बाळ, तुझी बोटं चांगली आहेत. पण बासरीला वारा घरचा लागतो. उसना वारा तिला चालत नाही.”

त्यांचे बोलणे खरे होते आणि त्यांनी ते प्रेमाने सांगितले. तेव्हापासून मी बासरी ऐकणारा झालो. पण माझे ऐकणे इतरांसारखे कधी झाले नाही. मैफलीत लोक आलापावर माना डोलवतात. माझे लक्ष वादक श्वास कुठे घेतो तिकडे. पन्नालाल घोष यांचे ध्वनिमुद्रण लावले तरी मंद्रातल्या त्या लांब स्वराशी माझी छाती नकळत शर्यत लावते आणि दर वेळी हरते. श्रीमंताघरचा खर्च पाहून गरिबाने मनातल्या मनात बेरीज करावी, तसे हे.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त मनिलात असतो. मागे त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. एके सकाळी तो म्हणाला, “बाबा, तुम्हांला बासरी आवडते ना? चला, एका ठिकाणी नेतो. तिथं नऊशे आहेत.” मला वाटले, दुकान असेल. शहराच्या दक्षिणेला, जीपनींच्या रंगीबेरंगी गर्दीतून वाट काढीत आम्ही लास पिन्यास नावाच्या भागात आलो. एके काळी हे समुद्रकाठचे मिठागरांचे गाव होते. आता मनिला त्याच्या अंगावरून पुढे गेली आहे. तिथे संत जोसेफाचे जुने दगडी चर्च आहे. आत शिरून मागे वळून वर पाहिले, आणि माळ्यावर तो दिसला. वेळूचा ऑर्गन.

पिवळट तपकिरी वेळूच्या नळ्या लाकडी चौकटीत ओळीने उभ्या होत्या. आपल्याकडे एखाद्या बुरुडाच्या अंगणात काठ्या उभ्या असाव्यात तशा. त्यांच्यातून पुढे, थेट आमच्या डोक्यांच्या दिशेने, धातूचे कर्णे आडवे रोखलेले. स्पॅनिश ऑर्गनांची ही जुनी खोड आहे. कर्णे उभे न ठेवता ते श्रोत्यांवर रोखायचे. एकूण नळ्या १,०३१. त्यांपैकी ९०२ वेळूच्या आणि १२९ धातूच्या. एका बासरीपुरता वारा ज्याच्यापाशी नव्हता, त्याच्यासमोर या नऊशे दोन उभ्या होत्या.

हे वाद्य बांधले दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने. तो १७९२ साली फिलिपाईन्समध्ये आला आणि १७९५ पासून लास पिन्यासचा पाद्री झाला. आधी त्याने चर्च बांधायला घेतले. ते १७९७ ते १८१९ असे बावीस वर्षे चालले. चर्च पुरे होण्याची वाट न पाहता १८१६ मध्ये त्याने ऑर्गनसाठी वेळू तोडवले. तोडल्यावर ते समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले आणि महिनोन् महिने तसेच राहू दिले. किडीच्या तावडीत न सापडलेले तेवढे घ्यायचे, असा त्याचा हिशेब.

हे ऐकून मला परकेपणा वाटेना. आमच्याकडेही घरासाठी वेळू तोडायचा तर वद्य पक्षात तोडतात आणि वहाळाच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात. वेळूच्या अंगात पिठूळ गोडवा असतो आणि भुंगेरा त्यासाठीच येतो. पाण्यात तो गोडवा झिरपून जातो. मग उरलेल्या काठीत किड्याला स्वारस्य उरत नाही. कोकणातला घरामी आणि अरागॉनच्या डोंगरातून आलेला पाद्री यांची गाठ कधी पडणे शक्य नव्हते. पण दमट हवेत लाकूड टिकवायचे तर शहाणपण साधारण एकाच वाटेने येते.

१८२१ पर्यंत वेळूच्या नळ्या वाजू लागल्या. कर्णे मात्र राहिले होते. कर्ण्याच्या तोंडाशी जी जीभ असते, तिचा कर्कश ठसका वेळूच्या पोटातून यायचा नाही, हे सेराने ओळखले असावे. कर्णे त्याने धातूचे केले आणि १८२४ साली वाद्य पुरे झाले. मला या माणसाचे कौतुक वाटते ते या जागी. सगळा ऑर्गन वेळूचा केला, असे सांगण्याचा मोह त्याला धरता आला असता. पण वेळूला जे जमण्यासारखे होते तेवढेच त्याने वेळूकडून करून घेतले. १८३२ साली तो वारला.

आता हे वाद्य वाजते कसे, ते सांगितले पाहिजे. कारण नऊशे नळ्या म्हटल्या की वाचकाच्या डोळ्यांसमोर गोंधळ उभा राहतो. प्रत्यक्षात त्यात गोंधळ काही नाही.

एक नळी घ्या. तिच्या पायाशी बारीक भोक आहे. तिथून वारा आत येतो, एका अरुंद फटीतून पातळ पात्यासारखा बाहेर पडतो आणि समोरच्या धारदार ओठावर आपटतो. हे वाऱ्याचे पाते ओठाच्या कधी आत, कधी बाहेर असे झुलू लागते आणि नळीतला हवेचा खांब त्या झुलण्याला ताल देतो. जत्रेतल्या शिटीची रचना हीच. बासरीत फटीचे काम वादकाचे ओठ करतात आणि धारेचे काम भोकाची कड करते; एवढाच फरक. खांब लांब तर सूर खाली, आखूड तर वर. आठ फुटांच्या उघड्या नळीतून जो स्वर येतो, त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर चार फुटांच्या नळीतून येतो आणि त्याच्याही वरचा दोन फुटांच्या. नळीचे वरचे तोंड बुच मारून बंद केले तर निम्म्या लांबीत तोच खालचा स्वर मिळतो; मात्र त्याचा रंग जरा पोकळ, दूरचा होतो. जागा थोडी आणि पैसा बेताचा असलेल्या लहान चर्चांना या बुचाने फार हात दिला आहे.

बासरीत आणि यात खरा भेद दुसराच आहे. एक बासरी सहा भोकांवर सारे सप्तक खेळवते. ऑर्गनच्या नळीला आयुष्यभर एकच स्वर ठाऊक असतो. तिला दुसरे काही येत नाही आणि तिच्याकडून कुणी अपेक्षाही करीत नाही. म्हणून स्वरपट्टीवर जितक्या पट्ट्या, तितक्या नळ्यांची एक रांग लागते. आणि आवाजाचा रंग बदलायचा म्हटला की पुन्हा तितक्याच नळ्यांची दुसरी रांग. वादकाच्या हाताशी दोन्ही बाजूंना ज्या खुंट्या असतात त्या या रांगांच्या. खुंटी ओढली की आत एक भोकांची लांब फळी सरकते, भोकावर भोक येते आणि ती रांग वाजायला मोकळी होते. मग पट्टी दाबली की एका बारीक लाकडी काडीची ओढ नळ्यांच्या खालच्या वाऱ्याच्या पेटीपर्यंत पोचते, तिथली चामड्याची झडप उघडते आणि वारा वर धावतो. पट्टी, काडी, झडप. विहिरीवरच्या रहाटाइतके हे सरळ आहे.

लास पिन्यासच्या ऑर्गनला स्वरपट्टी एकच आहे, पण ती मधोमध वाटून घेतलेली आहे. डाव्या अर्ध्याच्या खुंट्या वेगळ्या, उजव्या अर्ध्याच्या वेगळ्या. त्यामुळे डावा हात मऊ वेळू वाजवीत असताना उजवा कर्णा फुंकू शकतो. दोन स्वरपट्ट्यांचा खर्च वाचवून दोघांचे काम एकीवर भागवायची ही युक्ती स्पेन-पोर्तुगालच्या कारागिरांनी फार जुन्या काळी काढली. याखेरीज इथे पाखरांची एक खुंटी आहे आणि ढोलाचीही आहे. आम्हांला वाद्य दाखवणाऱ्या तरुण वादिकेने पाखरांची खुंटी ओढली तेव्हा बाकावरची दोन लहान मुले छपराकडे पाहू लागली.

हे सारे समजले; पण ज्या प्रश्नासाठी मी तिथे इतका वेळ बसलो तो वेगळा होता. इतका वारा येतो कुठून?

आज तो बहुतेक ठिकाणी विजेच्या पंख्यातून येतो. पण वीज येण्याआधीची दोन हजार वर्षे तो माणसाच्या हातापायांतून येत होता. पहिला ऑर्गन बांधला तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिअसने. तेव्हा चर्चचा पत्ताच नव्हता. त्याच्यापुढे जी अडचण आली ती साधी होती. भाता दाबला की वारा येतो, सोडला की थांबतो. मग सूर सलग कसा राहावा? त्याने वाऱ्यावर पाण्याचे ओझे ठेवले. वारा एका पात्रात साठायचा आणि भोवतालचे पाणी आपल्या भाराने त्याला सारखे दाबत राहायचे. पुढे पाणी गेले आणि त्याच्या जागी दगड, विटा, शिसे आले. कल्पना तीच राहिली.

ती कल्पना अशी. भाता मारणारा माणूस नळीत वारा फुंकतच नाही. तो फक्त वजन उचलतो. मोठ्या भात्याच्या वरच्या फळीवर दगड ठेवलेले असतात. तो दांडा दाबतो, तशी वाऱ्याने भरत जाणारी फळी दगडांसकट वर येते. मग ती फळी आपल्या भाराने, आपल्याच गतीने, सावकाश खाली बसत जाते आणि नळ्यांना वारा देते. दांडा मारणारा घाईत असो, दमलेला असो, मध्येच कपाळ पुसायला थांबलेला असो. फळी पुरी खाली टेकेपर्यंत नळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. त्याची धाप आणि सूर यांच्यामध्ये ते वजन बसलेले असते.

आणि हा दाब असतो तरी किती? ऑर्गन बांधणारे कारागीर तो काचेच्या वाकड्या नळीत पाणी घालून मोजतात. लहान चर्चच्या ऑर्गनमध्ये वारा ते पाणी दोन-तीन इंच उचलतो, बस्स. तेवढे तर माझ्यासारख्याच्या छातीलाही जमेल. जोर लागतच नाही; लागतो तो पुरवठा, आणि त्याचा सारखेपणा. योहान सेबास्टियन बाख नवा ऑर्गन तपासायला गेला की आधी सगळ्या खुंट्या ओढून एकदम भरगच्च वाजवून बघे, आणि या वाद्याची फुप्फुसे चांगली आहेत की नाहीत ते आधी कळायला हवे, असे थट्टेने म्हणे. थट्टा खरी; पण दमेकऱ्याला ती थट्टा वाटत नाही.

हे दांडा मारणारे लोक ऑर्गनच्या इतिहासात कुठे दिसत नाहीत. जर्मनीत ते मोठमोठ्या भात्यांच्या तुळयांवर पाय देत एकीवरून दुसरीवर चालत राहत. वादकाच्या खुंट्यांमध्ये कुठे कुठे एक खुंटी अशीही असे की ती ओढल्यावर सूर निघत नसे. मागे अंधारात घंटा वाजे. सुरू कर, एवढाच तिचा अर्थ. इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चांमध्ये भात्याशी एका दोरीला शिशाचा छोटा गोळा टांगलेला असे. तो वरखाली होऊन वारा किती उरला ते सांगे. दांडा मारणारी पोरे रिकाम्या वेळात चाकूने चौकटीच्या मागच्या बाजूला आपली नावे आणि सालही कोरून ठेवीत. जुन्या ऑर्गनांच्या पाठीवर ती नावे अजून आढळतात. समोरच्या बाजूला बांधणाऱ्याचे नाव असते.

तिथे बसल्या बसल्या मला आई आठवली, यात नवल नाही.

दम्याची उबळ रात्रीच यायची. आई मला उठवून बसवी, पाठीशी उशा लावी आणि तिळाचे कोमट तेल लावून पाठ चोळत राही. तोंडाने काही म्हणत नसे. फक्त माझ्यामागे बसून ती सावकाश श्वास घेई आणि सोडी. इतका सावकाश की काही वेळाने माझी धडपडणारी छाती तिच्या चालीवर येऊ लागे. तो वारा माझा नव्हता. तो तिचा होता आणि मी तो उसना घेत होतो. पहाटे केव्हा तरी मला झोप लागे. सकाळी उठून पाहावे तर विहिरीवरून पाणी आलेले असायचे, चूल पेटलेली असायची, वडिलांचा डबा तयार असायचा. घरात आम्ही सहा माणसे. कुणाला पेज गरम मिळाली नाही, कुणाला शाळेला उशीर झाला, असे घडत नसे. रात्रभर जागल्याची तिची धाप त्या घरात कुणापर्यंत पोचत नसे. तिने मध्ये काय वजन ठेवले होते कोण जाणे. एवढे खरे की ते उचलत तीच होती, आणि आम्हांला मिळत होता तो सारख्या दाबाचा, न तुटणारा वारा.

आईविषयी मी आजवर कुठे लिहिलेले नाही. लिहायला गेलो की शब्द फार मोठे होत आणि ती त्यांत मावण्याऐवजी हरवून जाई. त्या भात्याने मला तिच्या मापाची गोष्ट दिली, म्हणून हे लिहिले.

पण वाद्य म्हटले की दुखणीही आलीच. ऑर्गनचे एक दुखणे मला विशेष ओळखीचे वाटले. दमट हवेने लाकूड फुगते, चामडे आखडते, झडप नीट मिटत नाही. आणि मग कुणी हात न लावता एखादा सूर आपला आपण वाजू लागतो. पट्टी वर आहे, वादक बाजूला आहे, तरी तो वाजतोच आहे. छातीतली घरघर ज्यांनी ऐकली आहे त्यांना याचे वर्णन नको.

लास पिन्यासच्या ऑर्गनने यापेक्षा मोठी दुखणी काढली. एकोणिसाव्या शतकात मनिलाचा सारा परिसर १८६३ आणि १८८० च्या भूकंपांनी हादरला. त्यांत वादळांची भर पडली. चर्च मोडले, पुन्हा उभे राहिले. ऑर्गन उघडा पडला, भिजला, झाकून ठेवला गेला. त्यानंतर अनेक दशके तो अर्धामुर्धाच वाजत राहिला. काही नळ्या बोलत, काही गप्प. तरी कुणी तो मोडीत काढला नाही. मला वाटते, वेळूला मोडीत भाव नसतो, हेही त्याच्या पथ्यावर पडले असेल. धातूच्या नळ्या वितळवून त्यांच्या बंदुकीच्या गोळ्या करण्याचे प्रकार युरोपात झाले आहेत. वेळूची गोळी होत नाही.

अखेर १९७३ साली तो उतरवून जहाजाने जर्मनीत बॉनला पाठवला गेला, योहान्नेस क्लाइस यांच्या पेढीत. या पेढीत १८८२ पासून ऑर्गनच बांधतात. तिथे एक वेगळीच अडचण. युरोपातल्या कोरड्या हिवाळ्यात वेळू तडकला असता. तेव्हा कारागिरांनी त्याच्यासाठी एका दालनात फिलिपाईन्सची उबदार, दमट हवा तयार करून ठेवली आणि तिच्यात बसून काम केले. कोकणातली ज्या हवेने माझा जीव घाबरा होई, तशीच हवा या रोग्याला पथ्याची होती! प्रत्येकाचा वैद्य निराळा हेच खरे. इकडे लास पिन्यासला तेवढ्यात चर्चही दुरुस्त झाले. १९७५ मध्ये ऑर्गन परतला आणि ९ मे १९७५ रोजी तो पुन्हा पुरा वाजला. १९७६ पासून तिथे दरवर्षी त्याचा संगीतोत्सव सुरू झाला. २००३ साली त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान मिळाला.

आता खरे सांगायचे तर वेळूचा आवाज ऐकताना पहिली काही मिनिटे मी जरा निराश झालो होतो. आपल्या कानाला बासरी म्हटली की मींड हवी, स्वर एकातून दुसऱ्यात वाहत जायला हवा. इथे प्रत्येक स्वर आपल्या जागी ठाम. त्याला वाकवता येत नाही, आणि पट्टी जोरात दाबली म्हणून तो मोठाही होत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला आपल्या दारात उभे केले नाही, त्यामागे हाच आक्षेप होता. तो अगदी चूक होता असे मी म्हणणार नाही. शिवाय न दमणारा स्वर काही वेळाने अंगावर येतो. ज्याला संपण्याची धास्तीच नाही, त्याची आपल्याला माया कशी वाटावी?

वादिकेला मुलाने माझ्या वतीने हे विचारले. ती हसली आणि पुन्हा बाकावर बसली. तिने एक साधी चाल दोनदा वाजवली. पहिल्यांदा बोटे पट्ट्यांवरून न उचलता. सूर कसे एकापुढे एक मालगाडीच्या डब्यांसारखे गेले. दुसऱ्यांदा तिने ओळीच्या शेवटी, आणि कुठे कुठे मध्येही, बोट क्षणभर उचलले. तेवढ्यानेच ती चाल गाऊ लागली. मग खाली आमच्याकडे पाहून ती मुलाला काही म्हणाली. मुलाने सांगितले, “ती म्हणते, तिच्या शिक्षिका तिला आधी ओळ गायला लावत. जिथं श्वास लागेल तिथं बोट उचलायचं. वाद्याला श्वास लागत नाही, म्हणून तो वाजवणाऱ्यानं आठवणीनं घ्यायचा.”

मी सहा महिने बासरी शिकलो होतो तेव्हा जो श्वास मला जागोजाग घ्यावा लागे आणि ज्याची मला लाज वाटे, तोच इथे ही मुलगी कष्टाने शिकली होती. उसन्या वाऱ्याला लय देण्यासाठी ती त्यात आपली उणीव मिसळत होती.

जाण्यापूर्वी तिने सगळ्या खुंट्या ओढल्या, वेळू आणि कर्णे एकत्र, आणि एक मोठा स्वरसंघ धरला. चर्चच्या बाकांची लाकडे माझ्या तळहाताखाली थरथरत होती. मग तिने हात उचलले. हजार नळ्या एकदम गप्प झाल्या. त्यांना रेंगाळणे माहीत नसते. दगडी भिंतींनी मात्र तो सूर लगेच सोडला नाही. तो वर कुठे तरी छपराशी थोडा वेळ राहिला, पातळ होत गेला, आणि केव्हा संपला ते नक्की सांगता आले नाही. तो संपेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो, आणि या वेळी तो मला पुरला.